पहिल्या क्रमाची विद्या

सांप्रत आमच्यांत एक नवी विद्या उदयास आली आहे. तिचे वर्ग भरतात, तिचे आचार्य शहरांतच काय पण तालुक्याच्या गांवींहि शिष्य मिळवीत आहेत, आणि ज्या महाराष्ट्रांत व्याकरण फुकट शिकवितों म्हटलें तरी दहा माणसें जमावयाची पंचाईत, त्याच महाराष्ट्रांत ही विद्या शिकण्यासाठीं लोक पदरचे हजारों रुपये मोजीत आहेत. ही विद्या म्हणजे शोधयंत्रांत आपला व्हिडिओ इतरांच्या वर आणण्याची विद्या होय. तिला सर्वत्र एस. ई. ओ. या तीन इंग्रजी अक्षरांनीं ओळखतात. मराठींत तिला अजून नांव नाहीं; आणि वस्तूला नांव नसलें म्हणजे तिच्याविषयीं विचार करण्याची जबाबदारीहि आपणांवर नाहीं, असा आमच्या सुशिक्षितांचा समज झालेला दिसतो.

विद्येचें सार थोडक्यांत असें आहे. कोणी मनुष्य यूट्यूबवर किंवा गूगलवर चार शब्द लिहून शोध करतो. त्या शब्दांस अनुसरून यंत्र व्हिडिओंची एक ओळ त्याच्यापुढें मांडतें. शोधणारा बहुधा वरच्या दोनचारांपलीकडे जात नाहीं. म्हणून जो वर तो जगला आणि जो खालीं तो मेला. तेव्हां वर जावें कसें? आचार्य सांगतात: मथळ्याच्या आरंभीं अमुक शब्द घाला, वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत तोच शब्द पुन्हां घाला, टॅगांची माळ लावा, थंबनेलावर तोंड वासलेला चेहरा आणि तांबडा बाण काढा, पहिल्या अर्ध्या मिनिटांत कांहीं तरी गुपित आहे असें सुचवा, आणि तें गुपित शेवटपर्यंत सांगूं नका. यांच्या बोलण्यांत 'प्रेक्षक' हा शब्द घडोघडीं येतो. पण त्याचा अर्थ बारकाईनें पाहूं गेल्यास तो गळाला लागणारा मासा असाच निघतो.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. आपली वस्तु लोकांस सांपडावी ही इच्छाच हीन आहे, असें म्हणणाऱ्या सोंवळ्या पंडितांचा पक्ष आम्ही घेत नाहीं. "आमचें काम खरें आहे, ज्याला गरज असेल तो शोधीत येईल," हा अभिमान ऐकावयास बरा वाटतो, परंतु जी वस्तु सांपडत नाहीं ती, ज्याला हवी आहे त्याच्या दृष्टीनें, नसल्यासारखीच होय. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली. ग्रंथालयें धुंडाळून, पुस्तकांचे विषय ठरवून, एकेकास त्यांनीं जागच्या जागीं बसविलें. तें काम त्यांना कोणी हलकें म्हटलें नाहीं. शोधणाऱ्यास वाट दाखविणें हें विद्वानाच्या कर्तव्याचेंच एक अंग आहे.

हें अंग शास्त्राच्या पदवीस पोंचविलें तें मद्रासच्या रंगनाथनांनीं. मूळचे ते गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम पुस्तकरूपानें मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वांचविण्याविषयींचा आहे. कपाटांची मांडणी, सूचीपत्र, पुस्तकें देणारा मनुष्य, या सर्वांची कसोटी एकच: आलेला मनुष्य हवें तें घेऊन किती लवकर आपल्या कामास लागला? पहिल्या क्रमाच्या विद्येची कसोटी नेमकी उलट आहे: आलेला मनुष्य किती वेळ अडकून राहिला? आमचें भांडण काय तें एवढ्याशींच आहे.

हें उलटें माप आलें कोठून, तें पाहूं. यूट्यूब निघालें २००५ सालीं. त्यावरचा पहिला व्हिडिओ अवघ्या १९ सेकंदांचा होता. प्राणिसंग्रहालयांत हत्तींसमोर उभा राहून एक तरुण त्यांच्या लांब सोंडेविषयीं दोन शब्द बोलतो, एवढाच. दुसऱ्याच वर्षीं गूगलनें ती कंपनी १६५ कोटी डॉलरांस विकत घेण्याचा करार केला. आरंभीं व्हिडिओ किती वेळां उघडला गेला या आंकड्यास मोठें महत्त्व होतें, आणि व्हावयाचा तोच परिणाम झाला. जत्रेंत तंबूबाहेरच्या पडद्यावर दोन तोंडांचा राक्षस रंगवावा आणि आंत शिरल्यावर दावणीला एक रोडकें वासरूं दिसावें, तशी तऱ्हा सुरू झाली. तेव्हां २०१२ सालीं कंपनीनें माप बदललें. किती वेळां उघडलें यापेक्षां किती वेळ पाहिलें यास अधिक वजन आलें. यांत हेतु वाईट नव्हता. फसलेला मनुष्य लगेच उठून जाईल, म्हणून बसून राहिलेल्यांचा वेळ मोजला तर लबाडी उघडी पडेल, असा तो तर्क होता. पण एखाद्या मापास भाव आला कीं लोक वस्तु सोडून मापच वाढवूं लागतात. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं नाणेधोरणाविषयीं लिहितांना ही खोड दाखवून दिली होती. ती येथें अक्षरशः प्रत्ययास आली.

व्हिडिओ लांबले. मध्यें जाहिराती घालण्याची मुभा पूर्वीं दहा मिनिटांच्या लांबीपासून होती; त्या काळीं दहा मिनिटें आणि वर कांहीं सेकंद एवढ्याच लांबीचे व्हिडिओ इतके कां निघत होते, याचें कोडें कोणास पडूं नये. २०२० सालीं ती मर्यादा आठ मिनिटांवर आली, आणि बोलणाऱ्यांच्या विषयाचा आवांकाहि चमत्कार व्हावा तसा आठ मिनिटांवर आला. त्यापूर्वीं, २०१८ सालीं, जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा हवा असेल तर १००० वर्गणीदार (वर्गणी न देणारे वर्गणीदार, हा एक नवाच प्रकार) आणि वर्षभरांत ४००० तास पाहिलें जाणें अशी अट आली. पुढें आंखूड व्हिडिओंसाठीं वेगळी वाट निघाली ती गोष्ट निराळी. तात्पर्य, सांगणाऱ्याचें मोल तासांत ठरूं लागलें.

याचा परिणाम एखाद्या साध्या माणसावर काय होतो, तें पाहा. शेतकऱ्याच्या घरच्या मुलास सातबाराचा उतारा महाभूलेखावर कसा पाहावा हें हवें आहे. उत्तर दीड मिनिटांचें आहे: विभाग निवडा, मग जिल्हा, तालुका, गांव, गट क्रमांक घाला, मोबाइलचा क्रमांक घाला, उतारा समोर येतो. यांत सांगण्याजोगी महत्त्वाची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे नुसता पाहावयाचा उतारा वेगळा, आणि कायदेशीर कामास चालणारा, पैसे भरून घ्यावयाचा, डिजिटल सहीचा उतारा वेगळा. हा भेद न कळल्यामुळें पहिला कागद घेऊन मनुष्य कचेरींत जातो आणि हात हालवीत परत येतो. आतां वरच्या क्रमाचा म्हणून मिरविणारा नमुनेदार व्हिडिओ पाहावा. आधीं नमस्कार, मग घंटेचें बटण दाबण्याची विनंती, मग "व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा, नाहींतर तुमचें नुकसान होईल" अशी धमकी, मग सातबारा या शब्दाची व्युत्पत्ति, ती बहुधा चुकीची, सहाव्या मिनिटास संकेतस्थळ उघडतें, आणि सही असलेल्या व नसलेल्या उताऱ्यांचा भेद सांगावयाचा राहून जातो. ज्यानें दीड मिनिटांत सर्व सांगून टाकलें त्याच्या खात्यावर दीड मिनिट जमा होतें. ज्यानें घोळ घातला त्याच्या खात्यावर सहा. ग्रंथपालानें पुस्तक हातीं देण्यापूर्वीं वाचकास सहा मिनिटें दारांत उभें करून स्वतःचें चरित्र ऐकविलें असतें, तर रंगनाथनांनीं त्याला ठेवून घेतलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

कंपनीचे कैवारी म्हणतील कीं, हें चित्र एकांगी आहे. शोधाचा क्रम केवळ वेळेवर ठरत नाहीं. शब्दांशीं जुळणी, लोकांनीं दिलेला प्रतिसाद, आणि सांगणाऱ्याचा अधिकार व विश्वासार्हता, अशीं तीन अंगें कंपनी स्वतः सांगते. शिवाय प्रेक्षकांचें समाधान झालें कीं नाहीं हेंहि ती प्रश्न विचारून पाहते. हें आम्हांस मान्य आहे. पण प्रतिसाद मोजावयाचा कसा? अमुक शब्दांनीं शोधणाऱ्यांनीं अमुक व्हिडिओ किती वेळ पाहिला, हेंच उदाहरण कंपनी आपल्या खुलाशांत देते. २०१६ सालीं तिच्याच अभियंत्यांनीं, कव्हिंग्टन, अ‍ॅडम्स आणि सार्जिन यांनीं, प्रसिद्ध केलेला निबंध शोधाविषयीं नसून शिफारशींविषयीं होता. तथापि त्यांतहि क्रम लावण्याचें सूत्र म्हणजे मनुष्य किती वेळ पाहील याचा अंदाज हेंच आहे. नुसत्या उघडण्यावर क्रम लावला तर फसव्या व्हिडिओंचें फावतें, असें कारण ते देतात. रोगाचें निदान बरोबर. औषधानें दुसरा रोग जडला, एवढेंच.

परंतु यांत सर्वांत हास्यास्पद स्थिति आहे ती कंपनीची नव्हे, तर विद्या विकणाऱ्या आचार्यांची. फी घेऊन जे मंत्र ते देतात त्यांतले निम्मे कंपनीनेंच फोल ठरविले आहेत. टॅगांची माळ हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा एक मोठा अध्याय. आणि कंपनीचीं मदतीचीं पानें उघड सांगतात कीं, लोक ज्या शब्दाचें लेखन चुकवितात त्याच्यापुरता टॅगांचा उपयोग आहे, एरवीं त्यांचें महत्त्व अत्यल्प. वर्णनांत शब्दांचा ढीग ओतावा म्हणून ते शिकवितात. तो प्रकार नियमभंगांत मोडतो. थंबनेलावर जें नाहीं तें दाखवावें म्हणून ते शिकवितात. आणि आंत नाहीं तें मथळ्यांत व चित्रांत दाखविणाऱ्या व्हिडिओंवर, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतींत, आपण हिंदुस्थानांत कडक उपाय योजणार आहों असें कंपनीनें डिसेंबर २०२४ मध्यें जाहीर केलें. हा आरडाओरडा कां चालतो, हें मात्र समजण्याजोगें आहे. निम्म्या चॅनेलांच्या व व्हिडिओंच्या बाबतींत, चित्र शंभर वेळां डोळ्यांपुढें आलें तर दोनपासून दहा वेळांच तें उघडलें जातें, असें कंपनी सांगते. नव्वद माणसें न पाहतां पुढें जातात या भयानें दुकानदार ओरडतो. पण बाजारांत सगळेच ओरडूं लागले म्हणजे ऐकूं कोणाचें येणार?

आणि शोधयंत्र निष्पक्षपाती तराजू आहे, ही समजूत तरी कितपत खरी? गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनीं १९९८ सालीं, विद्यार्थी असतांना, आपल्या यंत्राविषयीं निबंध लिहिला. एका विद्वानाच्या लेखाचा दुसऱ्यांनीं किती उल्लेख केला यावरून त्याची योग्यता पाहावी, ही विद्यापीठांतली जुनी रीत त्यांनीं संकेतस्थळांस लावली. त्याच निबंधाच्या पुरवणींत त्यांनीं असें बजावलें होतें कीं, जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोनच वर्षांनीं, २००० सालीं, त्यांच्या कंपनीनें जाहिरातींचा धंदा सुरू केला. शोधाच्या पानावर स्वतःच्या किंमतींच्या तुलनेच्या सेवेस झुकतें माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगानें २०१७ सालीं तिला २४२ कोटी युरो दंड केला, आणि २०२४ सालीं युरोपांतील वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. ज्यांनीं भविष्य वर्तविलें त्यांनींच तें खरें करून दाखविलें, असा योग विरळा.

इतकें झाल्यावर आमच्या घराकडे वळलें पाहिजे. कारण यंत्रास दोष देऊन मोकळें होणें फार सोपें आहे. मराठींत शोध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरीं काय पडतें? पानिपत हा शब्द लिहावा. समोर येणाऱ्या गर्दींत "पानिपतचें लपविलेलें सत्य" या धर्तीचे मथळे भेटल्यावांचून राहत नाहींत. लपविलें कोणीं? त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ग्रंथ १९४६ सालीं इंग्रजींत निघाला, १९६१ सालीं मराठींत निघाला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाची चर्चा आमच्या इतिहासकारांनीं तीन पिढ्या भर दिवसा केली आहे. पण 'लपविलेलें' या शब्दावर बोट पडतें, 'कारणमीमांसा' या शब्दावर पडत नाहीं. म्हणून जो मुळांत प्रामाणिक शिक्षक आहे तोहि हळूहळू आपला मथळा वाकवितो, मग विषय वाकवितो, आणि शेवटीं आपलें मत वाकवितो. हें आम्ही कल्पनेनें लिहीत नाहीं. चांगला इतिहास शिकविणारा एक तरुण, वर्षभरांत, मुद्रा विस्फारून गुपितें फोडणारा झालेला आम्हीं पाहिला आहे. त्याचें ज्ञान कमी झालेलें नाहीं. तें सांगण्याचें धैर्य तेवढें कमी झालें आहे.

दुसऱ्या बाजूस आमचे सोंवळे पंडित. २०२० व २०२१ या रोगराईच्या दोन वर्षांत महाराष्ट्रांतील महाविद्यालयांनीं व्याख्यानांच्या राशी यूट्यूबवर चढविल्या. त्यांत उत्तम माल आहे. एका गृहस्थांनीं ज्ञानेश्वरीच्या भाषेवर दिलेलीं व्याख्यानें आम्हीं ऐकलीं; तशीं आज छापून मिळणार नाहींत. त्यांचे मथळे काय? "टी. वाय. लेक्चर ४ फायनल", "टी. वाय. लेक्चर ४ फायनल न्यू". वर्णनाची जागा कोरी. ज्ञानेश्वरी हा शब्द कोठेंच नाहीं! ज्या मनुष्यानें ओवीतल्या एका प्रत्ययासाठीं अर्धा तास खर्चिला, त्याला मथळ्यासाठीं अर्धें मिनिट मिळूं नये काय? हा निःस्पृहपणा नव्हे, हा आळस आहे. आणि त्याचा दंड शिक्षकास होत नाहीं, खेड्यांतल्या त्या मुलीस होतो जिला शिकवणी परवडत नाहीं व जिच्या हातीं फक्त तो फोन आहे.

त्यांतून मराठीच्या अडचणी निराळ्या. तीच मुलगी ज्ञानेश्वरी हा शब्द बहुधा रोमन लिपींत लिहिते. आणि त्यांतला 'ज्ञ' कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. देवनागरींतहि सुटका नाहीं. 'ॲ' हें अक्षर संगणकांत दोन रीतींनीं उमटवितां येतें. डोळ्यांस दोन्हीं सारखीं, यंत्राच्या पोटांत मात्र निरनिराळीं. १९६२ च्या नियमांनीं अनुस्वार गेले, तेव्हां जुन्या ग्रंथांचीं नांवें एका लेखनानें आणि त्यांविषयींचे प्रश्न दुसऱ्या लेखनानें, असें होऊन बसलें आहे. (आमच्यासारख्या ज्यांस जुनें वळण सोडवत नाहीं त्यांनीं निदान मथळा तरी नव्या नियमांनीं लिहावा.) हे भेद वर्णनांत प्रामाणिकपणें नोंदविणें यांत लबाडी कांहींएक नाहीं. चांगल्या सूचींत 'अमुक पाहा' म्हणून जो निर्देश असतो, तोच हा. टॅगांचा खरा उपयोग काय तो येथें आहे, आणि आचार्य नेमका हाच शिकवीत नाहींत.

कोणी विचारील कीं, एवढें करून तरी आमचें व्याख्यान वर येईल काय? 'पानिपत' या एका शब्दासाठीं कदाचित् येणार नाहीं. तेथें ओरडणाऱ्यांची गर्दी दाट आहे. पण जो 'शेजवलकर पानिपत कारणमीमांसा' असें लिहून शोधतो त्याच्यापुढें स्पर्धकच थोडे असतात, आणि तेथें नेमका मथळा असलेलें व्याख्यान वर येण्यास पुष्कळ वाव आहे. असे शोधणारे संख्येनें थोडे असतील. वर्गांत पहिल्या बांकावर बसणारेहि थोडेच असतात, आणि आम्ही शिकवितों तें पुष्कळदां त्यांच्याकडेच पाहून.

तेव्हां आमचें मागणें असें आहे. प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या ग्रंथपालास आणि दोन विद्यार्थ्यांस हें काम नेमून द्यावें, आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांस मोबदला द्यावा. मथळ्यास शंभर अक्षरांची मर्यादा आहे. तेवढ्यांत ग्रंथ, ग्रंथकार आणि मुद्दा सुखानें मावतो, महाविद्यालयाच्या अध्यक्षांचें नांव तेवढें मावत नाहीं. वर्णनांत विषय पांच ओळींत सांगावा. व्याख्यानाचे भाग पाडून प्रत्येकाची वेळ शून्य मिनिटापासून लिहावी. निदान तीन भाग असले आणि एकेक दहा सेकंदांहून आंखूड नसला, म्हणजे यूट्यूब तीं प्रकरणें आपण होऊन दाखवितें, आणि शोधणारा हव्या त्या ठिकाणीं उडी मारून आपला वेळ वांचवितो. तेणेंकरून आपले पाहण्याचे तास कमी होतील, तर होऊं द्यावे. खालच्या अक्षरपट्ट्या यंत्रावर न सोडतां माणसानें तपासाव्या; मराठी जोडाक्षरांची यंत्र जी दशा करतें ती एकदां पाहिली म्हणजे याचें कारण सांगावें लागत नाहीं. आणि या सर्व व्याख्यानांची विषयवार यादी महाविद्यालयानें स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे उद्यां कंपनीनें पुन्हां माप बदललें तरी वाट बुजणार नाहीं. यादी करतांना ज्या व्याख्यानास नांव काय द्यावें हें दोनदां ऐकूनहि ग्रंथपालास ठरवितां येणार नाहीं, तें खुशाल आहे तेथेंच, 'फायनल न्यू' म्हणून, खालीं पडूं द्यावें.